गळ, भाला आणि पट्टेदार बास

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर १९८२ हे साल मोठं चमत्कारिक गेलं. त्या वर्षी २१ सप्टेंबरच्या रात्री वादळी वाऱ्यात न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीच्या दगडी धक्क्यावरून अल्बर्ट मॅकरेनॉल्ड्सने ७८ पौंड ८ औंसांचा, म्हणजे साधारण साडेपस्तीस किलोंचा स्ट्राइप्ड बास ओढून काढला. जागतिक विक्रम झाला. आदल्याच वर्षी टोनी स्टेट्झकोने केप कॉडच्या नॉसेट किनाऱ्यावर ७३ पौंडांचा बास धरला होता. चार्ल्स चर्चच्या नावावरचा १९१३ सालचा जुना विक्रमही ७३ पौंडांचाच होता. जवळजवळ सात दशकं न हललेला हा आकडा दोन वर्षांत गाठलाही गेला आणि मोडलाही गेला. कुणालाही वाटेल, काय सुगीचे दिवस असतील! प्रत्यक्षात बास तेव्हा संपत आला होता. १९७३ साली व्यापारी कोळ्यांनी जवळपास दीड कोटी पौंड बास धरला होता. दहा वर्षांत हा आकडा पाव हिश्श्याच्याही खाली उतरला.

मोठे मासे आणि रिकामं पाणी यांची ही सांगड नीट समजून घेतली, की काठावरून गळ टाकणारे गळवाले आणि पाण्यात बुडी मारून भाल्याने मासा मारणारे भालेवाले यांच्यातलं जुनं भांडण वेगळं दिसायला लागतं. सत्तरच्या दशकात मेरीलँड आणि व्हर्जिनियातल्या चेसापीक उपसागरात पिल्लं जगेनाशी झाली. नवी पिढी आली नाही, पण जुनी पिढी होती ती वाढत राहिली. विक्रमी मासे म्हणजे घरातल्या शेवटच्या म्हाताऱ्या होत्या, आणि लोक त्यांनाच सुबत्तेचा पुरावा मानत होते.

‘म्हाताऱ्या’ हा शब्द जाणूनबुजून वापरला. आपल्याकडचा पाला समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो, तसाच हा मासा वसंतात चेसापीकच्या नद्यांत, डेलावेअर आणि हडसनमध्ये गोड्या पाण्यात शिरतो. त्यातही चेसापीकचा वाटा सर्वांत मोठा. अंडी घालून झाली की मोठे मासे उत्तरेकडे न्यू इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतात आणि थंडी सुरू झाली की परततात. नर आकाराने मागे पडतात, त्यामुळे तीस-चाळीस पौंडांच्या वरचा बास म्हणजे जवळपास नक्की मादी. सहा वर्षांची मादी पाचेक लाख अंडी देते, तर पंधरा वर्षांची तीस लाखांच्या वर. गळवाला आणि भालेवाला दोघेही ज्या माशाच्या मागे आयुष्य घालवतात, तो मासा नेमका हाच.

या माशाची हाव अमेरिकेत जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६३९ मध्येच बास आणि कॉड शेतात खत म्हणून घालायला बंदी केली होती. म्हणजे घालत होते! एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कचे धनवान कटीहंक आणि आसपासच्या बेटांवर क्लब काढून बसले. खडकांमध्ये लोखंडी खांब रोवून समुद्रावर फळ्यांचे मचाण बांधायचे, कोणी कोणत्या मचाणावर बसायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि पाण्यात आमिष फेकायला एक माणूस पगारावर ठेवायचा. आमिष कसलं, तर शेवंडीच्या शेपट्या. आज ज्या शेवंडीसाठी तिथे खिसा रिकामा होतो, ती तेव्हा माशांना खाऊ घालत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बास आटला आणि क्लबही ओस पडले. ही पहिली ओहोटी. त्यातून कोणी काही शिकल्याचं दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर काठी सामान्य माणसाच्या हाती आली. नायलॉनचा तंगूस, फायबरग्लासच्या काठ्या, सुटसुटीत स्पिनिंग रीळ, आणि युद्धातून उरलेल्या जीपगाड्या वाळूवर घालून केप कॉडच्या टोकापर्यंत जाणारे हौशी लोक. बॉब पाँडने तयार केलेला ‘अ‍ॅटम’ हा लाकडी नकली मासा याच काळातला. मार्थाज व्हिन्यर्ड बेटावरची गळाची स्पर्धा १९४६ साली सुरू झाली. रात्र पाण्याच्या काठावर काढायची, भरतीची वेळ पाठ असायची, आणि पाण्याखाली काय चाललंय ते फक्त तंगूसावरच्या बोटाने ओळखायचं. गळाच्या खेळातली खरी नशा हीच आहे. मासा दिसत नाही. तो किती मोठा आहे हे तो लागल्यावरच कळतं, आणि तोपर्यंत निवड त्याने केलेली असते, तुम्ही नाही.

भाल्याची गोष्ट याच्या उलट. पाण्यात डोळे उघडे ठेवायची सोय झाली तेव्हा ती सुरू झाली. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या काही पोरांनी १९३३ मध्ये ‘बॉटम स्क्रॅचर्स’ नावाचा क्लब काढला. १९३८ मध्ये गाय गिलपॅट्रिकच्या ‘द कम्प्लीट गॉगलर’ या पुस्तकाने भूमध्य समुद्रातला हा नाद इंग्रजी वाचकांपर्यंत पोचवला. पण न्यू इंग्लंडचं पाणी भूमध्यासारखं नाही. जूनमध्येही ते हाडं गोठवतं. पन्नासच्या दशकात ह्यू ब्रॅडनरने निओप्रीनचा वेटसूट काढला, तेव्हा कुठे माणसाला तिथे तास-तास पाण्यात राहता येऊ लागलं. १९५० साली भाल्याच्या विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. गळाच्या विक्रमांची संघटना १९३९ पासून होतीच. त्यामुळे एकाच माशाचे दोन विक्रम, दोन वेगळ्या वह्यांत. भाल्याच्या वहीत सिलिंडर वर्ज्य. एका दमात जेवढं होईल तेवढंच.

हा एक दम म्हणजे नेमकं काय, हे काठावरच्या माणसाला बहुतेक वेळा माहीत नसतं. चेहऱ्याला गार पाणी लागलं की हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांचं रक्त आत ओढलं जातं. शरीराची ही जुनी सवय पाणबुड्याच्या कामी येते. पण श्वास घ्यायची तगमग प्राणवायू कमी झाल्याने होत नाही, ती कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. म्हणून बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेऊन जो कार्बन डायऑक्साइड उडवून टाकतो, त्याला धोक्याची घंटा ऐकूच येत नाही. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो, त्यामुळे फुप्फुसात उरलेला थोडा प्राणवायूही पुरेसा वाटतो. वर येताना दाब निम्मा होतो आणि पृष्ठभाग हाताशी आलेला असताना माणूस बेशुद्ध पडतो. दोघांनी जायचं, एक खाली तर एक वर, हा नियम त्यासाठीच आहे. बासच्या पाण्यात तो पाळणं आणखी अवघड. हा मासा फेसाळणाऱ्या खडकांत, ओढ असलेल्या उथळ पाण्यात असतो, आणि तिथे दोन-तीन मीटरपलीकडचं धड दिसत नाही. जोडीदार नजरेआड झाला तर झाला. शिवाय केप कॉडच्या बाहेरच्या बाजूला सील वाढले, सीलमागे मोठे पांढरे शार्क आले. रक्ताळलेला मासा कमरेला बांधून तिथे पोहायची हिंमत आता फारसं कोणी करत नाही.

इतका जीव धोक्यात घालून मिळतं काय? मासा दिसतो. खडकाला धरून निपचित पडून राहिलं तर बास कुतूहलाने जवळून जातो. आधी लहान, मग मधले, आणि कळपाच्या कडेला एखादी थोरली. भालेवाला म्हणतो, मी पाहून निवडतो, नको तो मासा माझ्या हातून मरत नाही, जाळ्यात-गळात अडकणारं भलतंसलतं माझ्याकडे काही नाही. म्हणणं खरं आहे. ऱ्होड आयलंडच्या माइक लॅपट्यूने तर बासमागे कॅमेरा घेऊन बुड्या मारल्या, आणि नकली माशाकडे बास कसा येतो, कसा शेवटच्या क्षणी तोंड फिरवतो, हे गळवाल्यांनी पहिल्यांदा त्याच्या चित्रफितींत पाहिलं. काठावर चाळीस वर्षं काढलेल्यांनाही ते नवीन होतं.

गळवाल्याचं उत्तर ठरलेलं: तू निवडतोस खरा, पण निवडलेलं परत करता येत नाही, मी परत करू शकतो. पुढे मधल्या वाटेचेही काही नग निघाले. न्यूयॉर्क राज्यातल्या माँटॉकला पॉल मेल्निक आणि त्याच्या साथीदारांनी वेटसूट चढवून, काठी हातात धरून, रात्री खोल पाण्यात तरंगत मासा धरायचा प्रकार काढला. मोठा बास लागला की तोच माणसाला ओढत नेई.

तर हा वाद रंगत असतानाच मासा संपत चालला होता. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बासच्या रक्षणासाठी कायदा केला. किनाऱ्यावरच्या राज्यांनी संयुक्त आयोगाचे नियम पाळायचे, नाही पाळले तर त्या राज्यात बासची मासेमारीच बंद. १ जानेवारी १९८५ पासून मेरीलँडने पूर्ण बंदी घातली. सगळा हिशेब एका पिढीवर बांधला होता. १९८२ साली चेसापीकमध्ये बरी पिल्लं झाली होती, आणि त्या पिढीच्या ९५ टक्के माद्यांनी एकदा तरी अंडी घालेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. मार्थाज व्हिन्यर्डच्या स्पर्धेतूनही बास काही वर्षं वगळला गेला. १९९० मध्ये मेरीलँडने मर्यादित मासेमारी पुन्हा उघडली, १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं, आणि १९९६ च्या पिल्लांच्या मोजणीत विक्रम झाला. अमेरिकेतल्या मत्स्यसंवर्धनाच्या सर्वांत मोठ्या यशांपैकी हे एक मानतात, आणि ते मानावं असंच आहे. कुठल्याही हत्याराने ते मिळवलं नाही. काही वर्षं सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली म्हणून ते मिळालं.

पुढची पंधरा वर्षं दोन्ही पंथांची चैन होती. भालेवाले साठ पौंडांच्या गोष्टी करू लागले. ४ ऑगस्ट २०११ रोजी कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ ग्रेग मायरसनने जिवंत वामाच्या आमिषावर ८१.८८ पौंडांचा बास धरून मॅकरेनॉल्ड्सला मागे टाकलं. हा विक्रम आला तेव्हा पिल्लांची मोजणी पुन्हा घसरायला लागून काही वर्षं झाली होती. १९८२ ची आठवण कोणाला तरी यायला हवी होती.

शेवटी २०१८ च्या पाहणीने निर्वाळा दिला, की साठा अतिमासेमारीने खालावला आहे. २०२० पासून समुद्रकिनाऱ्यावर नवा नियम आला: २८ ते ३५ इंचांमधलाच मासा ठेवायचा, त्याहून मोठा नाही. २०२२ मध्ये गाफ, म्हणजे बोटीत ओढायचा आकडा, बासला लावायला बंदी झाली. २०२३ मध्ये वरची मर्यादा ३१ इंचांवर आली. हौशी मासेमारीपुरतं तरी कायद्याने थोरल्या मादीला अभय दिलं.

इथे दोन पंथांच्या वाटा खरोखर वेगळ्या झाल्या. गळवाला अजूनही पन्नास पौंडांची मादी धरू शकतो, फोटो काढू शकतो, सोडू शकतो. भालेवाल्याचा मोठा मासा मात्र कायमचा गेला. उरलेल्या तीन इंचांच्या पट्टीतही त्याची पंचाईतच आहे. पाण्यात वस्तू प्रत्यक्षापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते, मासा हलता असतो, पाणी गढूळ असतं, आणि मोजपट्टी भाला लागल्यानंतरच लावता येते. मेनसारख्या राज्यात तर भाल्याला मुळातच परवानगी नाही, ऱ्होड आयलंडमध्ये आहे.

भालेवाले याला अन्याय म्हणतात. त्यांच्या बाजूला एक आकडा आहे आणि तो जड आहे. सोडलेल्या बासपैकी ९ टक्के मरतात, असं आयोग नव्वदच्या दशकातल्या एका अभ्यासाच्या आधारे धरतो. ९ टक्के म्हणजे थोडेच, असं वाटतं. पण २०२० मध्ये हौशी मासेमारांनी सुमारे ३ कोटी बास धरून सोडले, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस लाख मासे सोडल्यानंतर मेले. घरी नेलेल्या माशांपेक्षा हे जास्त. कोमट पाण्यात, लांबलेल्या झुंजीनंतर, वाळूत आपटलेल्या माशाचं प्रमाण याहून वाईट असतं. भाल्याने मरणारे मासे या ढिगाच्या तुलनेत नगण्य.

तरीही मला विचाराल, तर नियम बरोबर आहे. भाला थोडे मारतो, पण मुभा असली की नेमकी थोरली मारतो, कारण निवडीचं कौशल्य हाच त्याचा अभिमान. भाल्यातून फाटून निसटलेल्या आणि पुढे कुठेतरी मेलेल्या माशाची नोंदही कोणी ठेवत नाही. पण गळवाल्यांनी ‘मी सोडतो’ या दोन शब्दांत स्वतःला निर्दोष ठरवणं त्याहून जास्त महागात पडलंय. भालेवाल्याने आपला मोठा मासा दिला. गळवाल्यावर अजून गाफबंदीखेरीज फक्त गोल गळाची (सर्कल हुकची) सक्ती आलीय, तीही आमिष लावून गरवत असेल तरच. उन्हाळ्यात पाणी तापतं तेव्हा बासमागे जायचंच नाही, अशा किनारपट्टीभराच्या बंदीची चर्चा वारंवार होते आणि दर वेळी बोटवाल्यांच्या आणि दुकानदारांच्या विरोधात अडते. ती यायला हवी. मेरीलँडची पिल्लांची मोजणी १९५४ पासून चालू आहे. तिची सरासरी जाळ्याच्या एका ओढीमागे अकरा पिल्लांच्या आसपास आहे. २०१९ ते २०२५ या सलग सात वर्षांत ती एकदाही चारच्या वर गेली नाही, आणि २०२३ मध्ये तर १ वर होती. साठा २०२९ पर्यंत सावरायचं उद्दिष्ट आहे. जी पिल्लं जन्मलीच नाहीत, त्यांच्यावर ते कसं गाठणार?

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणारी बरीच मराठी मंडळी वसंतात रॅरिटन उपसागरावर काठ्या घेऊन जातात, म्हणून हे त्यांच्यासाठी. २८ इंचांपासून ३१ इंचांच्या आतला, माणशी एकच. आमिष लावणार असाल तर गोल गळच लावा. ३१ इंचांहून मोठी मादी लागली, तर हात ओले करा, तिला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा, आणि ऑगस्टच्या गरम पाण्यात दुसऱ्या कुठल्या माशामागे जा.