‘एग्वियेत’ : खांद्यावरील गोफ आणि ताटातील काप
(एका दुर्मिळ फ्रेंच शब्दाचा पुण्याच्या संदर्भात अभ्यास)

प्रस्तावना

परकीय शब्द भाषेत येतो तो वस्तूच्या पाठोपाठ, हे मत सर्वसाधारणपणे मान्य झालेले आहे. परंतु वस्तू डोळ्यांसमोर असूनही तिचे नाव भाषेत रुजत नाही, असेही घडते. ‘एग्वियेत’ हा फ्रेंच शब्द या प्रकारचा आहे. लष्करी पोशाखात तो खांद्यावरून छातीवर रुळणाऱ्या गोफाचे नाव आहे, तर पाकशास्त्रात मांसाच्या लांबट, पातळ कापाचे. पुण्यात लष्करी संस्था आणि हॉटेल व्यवस्थापनाची महाविद्यालये अशी दोन्ही क्षेत्रे नांदत असूनही मराठी बोलीत हा शब्द उतरला नाही. या शब्दाचे दोन अर्थ कसे निर्माण झाले आणि तो मराठीत का रुजला नाही, या दोन प्रश्नांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

व्युत्पत्ती आणि पोशाखातील अर्थ

फ्रेंचमध्ये ‘एग्विय’ म्हणजे सुई. तिचे लघुत्वदर्शक रूप ‘एग्वियेत’, म्हणजेच ‘छोटी सुई’. गुंड्यांचा वापर सार्वत्रिक होण्यापूर्वी युरोपात अंगातील कपडे नाड्यांनी एकमेकांस बांधले जात. नाडीचे टोक उसवू नये व ते भोकातून सहज ओवता यावे म्हणून त्यावर धातूची टोपी बसवीत. प्रथम या टोकाला आणि पुढे संपूर्ण नाडीलाच हे नाव मिळाले. बुटाच्या नाडीच्या टोकासाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘ॲग्लेट’ हा शब्द याच कुळातील होय. मराठी वाचकास येथे बाराबंदीचे स्मरण व्हावे. तिच्या नावातच बंदांची संख्या आहे. फरक इतकाच की, मराठी बंद कामापुरता राहिला आणि फ्रेंच नाडी मात्र पुढे अलंकार बनली.

चिलखताचे भाग बांधण्याची गरज संपल्यावरही नाडी गेली नाही. सोनेरी किंवा रंगीत दोऱ्यांचा वळीव गोफ आणि त्याच्या टोकास धातूची निमुळती टोके, असे तिचे रूप स्थिरावले. या गोफाविषयी अनेक आख्यायिका आहेत. परिसहायक सेनापतीचा घोडा बांधण्यासाठी दोरी व खुंटी जवळ बाळगीत असे, तिचाच हा अवशेष, ही त्यांपैकी एक. अशा कथा रंजक असल्या तरी शब्दाचा इतिहास नाडीकडेच बोट दाखवितो. भारतात राष्ट्रपती, राज्यपाल व वरिष्ठ सेनाधिकारी यांच्या परिसहायकांच्या गणवेशावर हा गोफ आजही दिसतो.

पाकशास्त्रातील अर्थ

स्वयंपाकघरातील अर्थ आकारसाम्यावरून आलेला आहे. पक्ष्याच्या, विशेषतः बदकाच्या, छातीच्या मांसाचे लांबीच्या दिशेने काढलेले अरुंद काप म्हणजे ‘एग्वियेत’. आपण कांदा ‘उभा चिरतो’ तेव्हा जो आकार मनात असतो, त्याच्याशी हा आकार जुळतो. तेव्हा हे दोन वेगळे शब्द नसून एकाच शब्दाच्या दोन शाखा आहेत.

मराठीस हा अर्थविस्तार परका नाही. ‘पदर’ हा शब्द पाहावा. तो लुगड्याचे टोक आहे, दुपदरी दोऱ्यातील पेड आहे आणि चिरोट्याला ‘सुटणारा’ थरही आहे. वस्त्रातून ताटात जाण्याचा हा प्रवास मराठी गृहिणीने कोणत्याही कोशाच्या साहाय्याविना घडविला आहे.

पुणे आणि शब्दाचे न रुजणे

फ्रेंच शब्दकुळाशी पुण्याचा संबंध जुना आहे. १७७७ मध्ये शेव्हालिए द सें-ल्युबँ हा फ्रेंच वकील पेशवे दरबारात आला होता. पुढे महादजी शिंद्यांच्या कवायती फौजा द बॉइन्य याने उभ्या केल्या. ‘काडतूस’ हा शब्द फ्रेंच ‘कार्तूश’ व पोर्तुगीज ‘कार्तुशु’ यांच्या घराण्यातला आहे. तो मराठीत इतका मुरला की त्याचे परकेपण जाणवत नाही. गंमत अशी की, पाश्चात्त्य पाककलेत ‘कार्तूश’ म्हणजे शिजणाऱ्या पदार्थावर ठेवावयाचा कागदाचा गोल तुकडा. हा अर्थ मात्र मराठीत आला नाही. काडतूस मराठी शिपायाच्या हातात होते, म्हणून ते त्याच्या तोंडीही आले. फ्रेंच पातेले त्याच्या चुलीवर कधीच नव्हते.

‘एग्वियेत’ आला तो इंग्रजी राजवटीच्या समारंभांतून. गणेशखिंडीतील गव्हर्नरचे निवासस्थान, जे १९४९ पासून विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, तेथे गणवेश आणि मेजवानी एकत्र येत. त्या काळी इंग्रजी मेजवान्यांची पदार्थपत्रिका फ्रेंचमध्ये लिहिण्याचा प्रघात होता. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ तेथेच झाला. त्या वर्षी प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाने शहर पोळलेले होते. समारंभाहून परतताना रँड व आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आत झगमगाट आणि बाहेर संताप, अशा स्थितीत आतल्या शब्दांना बाहेरच्या पेठांत घर मिळणे शक्य नव्हते. शब्द रुजण्यासाठी केवळ सान्निध्य पुरत नाही, व्यवहारात सहभाग लागतो.

अध्यापनातील प्रश्न

आज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा छात्र आणि हॉटेल व्यवस्थापनाचा विद्यार्थी हे एकाच शहरात या शब्दाच्या एकेका अर्थाच्या वाटेवर असतात. एकाला दुसऱ्या अर्थाची वार्ता असेलच असे नाही. अनुवादकाची अडचण याहून मोठी आहे. वसाहतकालीन वर्णनात हा शब्द आल्यास संदर्भ न पाहता ‘फीत’ किंवा ‘झालर’ असा अर्थ देणे चुकीचे ठरेल. लिप्यंतरातही एकवाक्यता नाही. इंग्रजी उच्चारानुसार ‘एग्विलेट’ आणि फ्रेंचनुसार ‘एग्वियेत’ अशी दोन रूपे संभवतात.

निष्कर्ष

कोशात या शब्दाची एकच नोंद असावी आणि तीत मूळ अर्थ ‘छोटी सुई’ देऊन त्याखाली दोन्ही अर्थ द्यावेत. पोशाखासाठी ‘स्कंधगोफ’ व पाकशास्त्रासाठी ‘उभा काप’ हे पर्याय सुचविता येतील. दुर्मिळ शब्दाची नोंद हे कोशकाराचे लहानसे काम वाटते. तथापि, कोणता शब्द आपल्या भाषेत आला आणि कोणता उंबरठ्याबाहेर राहिला, यावरून समाजातील सत्ता व अंतर यांचे स्वरूप कळते. या दृष्टीने न रुजलेल्या शब्दांचा अभ्यासही रुजलेल्या शब्दांइतकाच मोलाचा आहे.