टी-शर्टवरच्या रेषा कुठून आल्या?

बोरिवलीहून सुटलेली सकाळची चर्चगेट लोकल. दारात लटकलेल्या चार पोरांपैकी एकाच्या अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर डोंगररांगांसारख्या पांढऱ्या, वेड्यावाकड्या रेषा. अंधेरीला उतरलं की स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरही तोच टी-शर्ट टांगलेला. 'हे काय आहे रे?' विचारलं, तर कुणी म्हणतं हार्टबीट, कुणी म्हणतं सह्याद्री, आणि बहुतेक जण म्हणतात, 'काय माहीत, भारी दिसतं म्हणून घेतला.'

तर मंडळी, ते एका अल्बमचं कव्हर आहे. 'अननोन प्लेझर्स', जून १९७९. बँडचं नाव जॉय डिव्हिजन. हा बँड जेमतेम चार वर्षं टिकला आणि त्याचे स्टुडिओ अल्बम फक्त दोन. तरी आज गिटारवर उदास काही वाजवणारा जवळपास प्रत्येक बँड त्यांचं देणं लागतो.

गिरण्यांचं गाव

सुरुवात मँचेस्टरमधली. हे कापडगिरण्यांचं शहर. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला, तेव्हा इथल्या गिरण्यांसाठी मुंबई बंदरातून कापूस जायचा आणि मुंबईचे व्यापारी गब्बर झाले. १९७० च्या दशकापर्यंत मात्र तिथे बंद गिरण्या आणि बेकारी उरली होती. १९८२ च्या संपानंतर आपल्या गिरणगावाने जे पाहिलं, ते या शहराने आधीच भोगलं होतं.

४ जून १९७६ ला तिथे सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा शो झाला. गर्दी तुरळक. पण त्यात बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे दोन मित्र होते. 'हे करू शकतात तर आपण का नाही?' हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. वाजवता येत नव्हती, तरी! पुढे गायक आयन कर्टिस आणि ड्रमर स्टीफन मॉरिस आले. आधी नाव होतं वॉर्सॉ, १९७८ मध्ये ते जॉय डिव्हिजन झालं. हे नाव नाझी छळछावण्यांवरच्या एका कादंबरीतून उचललेलं होतं. त्यावरून टीका झाली, आणि ती चुकीची नव्हती.

आवाजात रिकामी जागा

पंक म्हणजे तीन कॉर्ड, सुसाट वेग आणि आरडाओरडा. त्याच्यानंतर आलेल्या पोस्ट-पंकवाल्यांनी ऊर्जा ठेवली, पण वेग कमी केला आणि विचार वाढवला. जॉय डिव्हिजनमध्ये तर कामंच उलटीपालटी झाली. गाण्याची चाल गिटारवर नाही, बेसवर. तालमीत समनरचा अॅम्प इतका मोठा असायचा की हुकला स्वतःचा बेस ऐकू येईना, म्हणून तो वरच्या पट्टीत वाजवायला लागला. अडचणीतून स्टाइल तयार झाली. मॉरिसचे ड्रम मशीनसारखे काटेकोर, आणि वर कर्टिसचा खोल, थंड आवाज.

प्रोड्यूसर मार्टिन हॅनेटने यात आणखी भर घातली. ड्रमचा एकेक तुकडा वेगळा रेकॉर्ड केला, लिफ्टचा आवाज घेतला, काच फुटल्याचा आवाज घेतला. ऐकताना वाटतं, शेवटची लोकल गेल्यावर रिकाम्या पुलावर आपल्याच चपलांचा आवाज येतोय. गंमत म्हणजे समनर आणि हुकला हा अल्बम आवडलाच नव्हता. स्टेजवर ते फार आक्रमक वाजवायचे. तो आवाज कुठे गेला, अशी त्यांची तक्रार होती.

आणि त्या रेषा?

त्या एका ताऱ्याच्या आहेत. १९६७ मध्ये केंब्रिजमध्ये जोसलिन बेल या विद्यार्थिनीला अवकाशातून ठरावीक लयीत येणारे रेडिओ संकेत दिसले. दर १.३३ सेकंदाला एक. तो जगाला सापडलेला पहिला पल्सार. (१९७४ चं नोबेल मात्र तिच्या गाइडला मिळालं.) या पल्सारचे एकामागून एक आलेले संकेत हॅरोल्ड क्राफ्ट या संशोधकाने १९७० च्या पीएच.डी. प्रबंधात एकावर एक रचून छापले. तेच चित्र समनरला एका खगोलशास्त्राच्या कोशात दिसलं आणि डिझायनर पीटर सॅव्हिलने काळ्यावर पांढरं करून कव्हरवर लावलं.

असे पल्सार ऐकणारी दुर्बीण आपल्याकडेही आहे, नारायणगावजवळ खोडदला. जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं. ट्रेकवाल्यांनो, शिवनेरीला जाताय तर वाट वाकडी करा.

जे टी-शर्टवर नाही

आयन कर्टिस सरकारी नोकरी करायचा. अपंग लोकांना काम मिळवून देण्याची. तिथे भेटलेल्या, फिट येणाऱ्या एका तरुणीवर त्याने 'शीज लॉस्ट कंट्रोल' लिहिलं. त्यानंतर १९७९ च्या सुरुवातीला त्यालाच अपस्माराचं निदान झालं. स्टेजवर तो हात झटकत विचित्र नाचायचा, कधी खरोखर फिट यायची, आणि समोरच्यांना ते नाचाचाच भाग वाटायचं. औषधं जड, झोप नाही, शो थांबत नाहीत, घरी लहान मुलगी आणि मोडत चाललेला संसार. १८ मे १९८० ला, अमेरिका दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, त्याने आयुष्य संपवलं. वय २३. दुसरा अल्बम 'क्लोजर' त्यानंतर दोन महिन्यांनी आला. उरलेल्या तिघांनी 'न्यू ऑर्डर' नावाने नव्याने सुरुवात केली.

नंतर त्या मरणाभोवती एक वलय तयार झालं. उदास असणं म्हणजे कूल, वगैरे. पण हुक आणि समनर दोघेही पुढे म्हणत राहिले, की आम्ही गाण्यांचे शब्द ऐकत होतो आणि तरी आम्हाला कळलं नाही. हा सल त्यांच्यासोबत राहिला.

आपल्याकडे अजूनही वर्गात कुणाला फिट आली की चप्पल नाहीतर कांदा शोधतात. काही हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली बॅग द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर थेट हॉस्पिटल. आणि एखादा मित्र सारखा अंधाराचंच बोलत असेल, तर 'ड्रामा करतोय' म्हणू नका, शेजारी बसा. 'टेली मानस'चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तो त्याला द्या.

ऐकायला सुरुवात 'डिसऑर्डर'पासून करा. मग 'ट्रान्समिशन', मग 'लव्ह विल टेअर अस अपार्ट'. हेडफोन लावा आणि आधी फक्त बेस पकडा. आणि उद्या ट्रेनमध्ये कुणी टी-शर्टकडे बोट दाखवून 'हार्टबीट का?' विचारलं, तर त्याला सांगा, 'नाही रे, तारा आहे. बस, सांगतो.' बसायला जागा असेल तर!