कानाचा मळ आणि कानकोरणी

घरांतील वडील मनुष्यास ऐकूं येईनासें झालें, म्हणजे तो दोष वयाच्या पदरांत घालून आपण मोकळे होतों. डोळ्यांस कमी दिसूं लागलें तर चष्मा येतो, दांत पडले तर कवळी येते. पण कानाची गोष्ट निघाली कीं, 'आतां व्हायचेंच, सत्तरी उलटली' एवढें म्हणून सारें घर गप्प बसतें. पुढें मोठ्यानें बोलण्याचा कंटाळा येतो, मग बोलण्याचाच कंटाळा येतो, आणि भरल्या घरांत एक मनुष्य एकटा पडतो. या बहिरेपणाचें कारण पुष्कळ वेळां खरोखरच वय असतें. पण केव्हां केव्हां तें हरभऱ्याएवढ्या मळाच्या गोळ्याइतकें क्षुल्लक असतें, हें आम्हांस बोरगांव मेघे येथें आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं पाहावयास मिळालें.

बोरगांव मेघे हें वर्धा शहरास अगदीं लागून आहे. आमच्या स्नेह्यांचें कुटुंब मोठें. दोघे भाऊ, त्यांच्या बायकामुलें, आणि या सर्वांवर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा. अण्णांनीं उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविला. नातवंडांपैकीं जो दहावींत असेल त्यानें संध्याकाळीं दिवेलागणीनंतर अण्णांपुढें पुस्तक उघडून बसावयाचें, अशी त्या घरची रीतच होती. आम्ही पूर्वी गेलों होतों तेव्हां तो वर्ग चालू होता. या खेपेस पाहतों तों अण्णा ओसरीवर एकटेच, आणि नातू आंत आपला एकटाच पाठांतर करीत बसलेला.

विचारलें तेव्हां मुलगा म्हणाला, "अहो, अण्णांचं आतां कांहीं खरं नाही. विचारावं एक, उत्तर देतात दुसरंच. पोराचा श्लोक चुकला तरी 'छान' म्हणतात." सुनेची तक्रार निराळी. "पान वाढलंय म्हणून चार हांका मारल्या तरी उठत नाहींत, आणि मग मला कोणी बोलावलंच नाही म्हणून रुसतात." हें सर्व बोलणें अण्णा समोर बसले असतांना, नेहमींच्या आवाजांत चाललें होतें. त्यांस ऐकूं येत नाहीं हें सर्वांनीं धरूनच ठेवलें होतें. आम्हांस तें जरा चमत्कारिक वाटलें. पण परक्याच्या घरीं बोलणार काय?

त्यानंतर श्रावणांत एके दिवशीं अण्णांनीं डोक्यावरून स्नान केलें, आणि अंग पुसतां पुसतां डावा कान जो बंद झाला तो उघडेना. उजवा आधींच अधू. घेरीहि आल्यासारखी झाली, तेव्हां मात्र घर हललें.

वर्ध्याच्या लोकांस या बाबतींत दूर जावें लागत नाहीं. सेवाग्रामचें महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय 1969 सालापासून आहे, आणि सावंगी मेघे येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय 1990 पासूनचें. अण्णांस जवळच्याच एका रुग्णालयांत नेलें. तेथील डॉक्टरीणबाईंनीं दिव्याची नळी कानाशीं धरून पाहिलें, आणि पहिलाच प्रश्न केला कीं, "हें आंत कोणीं ठासलं?" अण्णा अभिमानानें म्हणाले, "ठासलं नाहीं बाई, मी रोज साफ करतों!"

हें खरें होतें. अण्णांच्या जानव्यास एक चांदीची कानकोरणी बांधलेली असे. ती त्यांच्या वडिलांची. शिवाय नातवानें वाढदिवसास कापसाच्या काड्यांचा डबा आणून दिलेला. स्वच्छतेच्या बाबतींत अण्णा कडक. जेवणानंतर दांत, स्नानानंतर कान. वर्षानुवर्षें त्यांनीं जेवढा मळ बाहेर काढला, त्याहून कितीतरी अधिक आंत लोटला.

येथें कानाची रचना थोडी सांगितली पाहिजे. कारण ती कळली म्हणजे अर्धी अडचण दूर होते. बाहेरच्या पाळीपासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसांत सुमारें एक इंच लांब व किंचित् वांकडी असते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा. त्यांतच बारीक केंस व स्निग्ध द्रव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. आंतला भाग हाडाचा, आणि त्यावरची त्वचा इतकी पातळ कीं काडीचा हलका धक्काहि तेथें झोंबतो. मळ होतो तो बाहेरच्या भागांतच. तो त्वचेस कोरडी पडूं देत नाहीं, धूळ व किडामुंगी अडवितो, आणि त्याच्या किंचित् आंबट गुणामुळें जंतूंस व बुरशीस तेथें घर करणें जड जातें. तेव्हां मळ हा शब्दच खरें पाहतां त्यास अन्यायाचा आहे. कानाच्या नळीची त्वचा पडद्यापासून बाहेरच्या दिशेनें, जवळजवळ नखाच्या वाढीच्या संथ गतीनें, सरकत असते. चावतांना, बोलतांना जबडा हलतो त्याचीहि मदत होते. जुना मळ आपोआप दाराशीं येतो व गळून पडतो. ज्या घरास असा केरवारा करणारा गडी आहे, त्या घरांत आपण उलट्या दिशेनें झाडू फिरवितों. एवढाच काय तो कापसाच्या काडीचा उपयोग.

या काडीचा इतिहासहि मौजेचा आहे. अमेरिकेंत 1923 सालीं लिओ गर्स्टनझँग नांवाच्या गृहस्थानें आपली पत्नी दांतकोरण्याच्या टोंकास कापूस गुंडाळून बाळास पुसते आहे असें पाहिलें, आणि त्यावरून तयार काड्या विकावयास काढल्या. पुढें त्याच क्यू-टिप्स या नांवानें जगभर गेल्या. आज त्याच डब्यांवर 'कानाच्या नळींत घालूं नये' असा इशारा छापतात, आणि लोक तो इशारा वाचून डबा उघडतात व काडी कानांत घालतात!

आपल्याकडील जुन्या वैद्यांस हा विषय नवा नव्हता. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत व त्यांत कर्णगूथ म्हणजे सुकून घट्ट झालेला मळ हा स्वतंत्र रोग धरला आहे. उपायहि दिला आहे तो असा कीं, आधीं तेलानें मळ ओला करावा, शेकानें सैल करावा, आणि मग वैद्यानें शलाकेनें तो काढावा. आधीं मऊ करणें व मग काढणें हा क्रम आजहि तोच आहे. आणि शलाका वैद्यानें चालवावयाची आहे, रुग्णानें स्वतः नव्हे, हाहि त्यांतला भाग विसरतां कामा नये. आमच्या आज्यांनीं तेल तेवढें उचललें व वैद्य सोडून दिला.

मोठ्या शहरांतून या कामाचे फिरते कारागीर असत, व क्वचित् अजूनहि दिसतात. हिंदींत त्यांस कानमैलिये म्हणतात. डोक्यास लाल पागोटें किंवा टोपी, तिच्यांत खोंवलेल्या बारीक सळया व कापूस, आणि कमरेस तेलाची कुपी. त्यांतील कित्येकांचा हात खरोखर हलका असतो, हें आम्ही अनुभवानें कबूल करतों. पण तीच सळई एका कानांतून दुसऱ्या कानांत जाते, आंत उजेड नसतो, आणि पडद्यास भोंक पडलेलें आहे कीं नाहीं हें पाहण्याचें साधन त्याजपाशीं नसतें. कांहीं लबाड तर बोटांत लपविलेला खडा कानांतून निघाला म्हणून दाखवितात व त्याचे वेगळे पैसे मागतात. असला एक खडा आम्हीहि तरुणपणीं विकत घेतला आहे.

असो. अण्णांस पांच दिवस मळ मऊ करणारे थेंब दिले. या पांच दिवसांत मळ फुगल्यामुळें ऐकूं येणें अधिकच कमी झालें व अण्णा औषधावरच रागावले. पण तसें होणें स्वाभाविक आहे हें डॉक्टरीणबाईंनीं आधींच सांगून ठेवलें होतें. सहाव्या दिवशीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत, बारीक नळीनें ओढून मळ काढला. यंत्राचा आवाज कानाशीं मोठा होतो, क्वचित् क्षणभर चक्करहि येते. दुखत फारसें नाहीं. कानाच्या नळीस जाणाऱ्या एका मज्जातंतूचा घशाशीं संबंध असल्यामुळें कित्येकांस मध्येंच खोकला येतो, तसा तो अण्णांसहि आला.

कान पाण्यानें धुण्याची पद्धतहि आहे. तीविषयीं एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. व्हिएन्ना येथील रॉबर्ट बारानी या कर्णवैद्याच्या ध्यानांत आलें कीं, कान धुतांना पाणी थंड किंवा फार ऊन असलें तर रोग्यास घेरी येते व डोळे फिरूं लागतात. पाणी अंगाच्या उष्णतेइतकें असलें तर कांहीं होत नाहीं. आंतल्या कानांत शरीराचा तोल सांभाळणाऱ्या नळ्या आहेत, व त्यांतील द्रव उष्णतेच्या फरकानें हलतो, असा त्याचा उलगडा करून त्यानें त्यावर तपासणीची एक रीतच बसविली. यासाठीं त्यास 1914 सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें जाहीर झालें तेव्हां तो महायुद्धांत रशियाच्या कैदेंत होता. न्हाणीघरांत पिचकारीनें स्वतःचे कान धुणाऱ्यांनीं एवढी गोष्ट ऐकून पिचकारी खालीं ठेवावी. मधुमेह्यांनीं तर विशेषच. कानांतला लहानसा ओरखडा व त्यांत राहिलेलें पाणी यांतून त्यांस हाडापर्यंत पोंचणारा घातक दाह होऊं शकतो.

रुग्णालयांतून परततांना रिक्शांत अण्णा दोन वेळां दचकले. घरीं आल्यावर पंख्याची कुरकूर, कुकरची शिट्टी, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, यांची त्यांनीं मुलासारखी मौज केली. मग रात्रीं जेवणें चाललीं असतां धाकटा मुलगा संवयीप्रमाणें, संवयीच्याच आवाजांत, भावास म्हणाला, "अण्णांच्या पेन्शनचं काय करायचं तें आतांच ठरवूं, पुढें त्यांना समजणार नाहीं." अण्णांनीं ताटावरून वर पाहिलें व म्हणाले, "समजतंय. आणि गेल्या दोन वर्षांत तुम्ही काय काय बोललां असाल, तेंहि आतां समजतंय."

तें जेवण कसें संपलें हें आम्हांस थोरल्या सूनबाईंनीं सांगितलें. कोणी मान वर केली नाहीं. रात्रीं धाकट्यानें जाऊन अण्णांचे पाय धरले. अण्णा कांहीं बोलले नाहींत, फक्त नातवास हांक मारून पुस्तक आणावयास सांगितलें.

आतां वाचकांच्या घरीं उपयोगी पडेल तें. कान दुखत नाहीं, बंद वाटत नाहीं, ऐकूं येतें आहे, तर आंतल्या मळास हात लावूं नये. बाहेरची पाळी पंचाच्या टोंकानें पुसली म्हणजे झालें. मेणबत्तीसारखी पोकळ नळी कानांत धरून पेटविण्याचें जें एक खूळ निघालें आहे, त्यानें मळ निघत नाहीं, भाजतें मात्र. घट्ट मळासाठीं तेलाचे दोनचार कोमट थेंब कांहीं दिवस घालण्यास हरकत नसते. परंतु कान वाहत असेल, पूर्वी पडद्यास भोंक पडलें असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर कांहींच घालूं नये. तान्ह्या मुलाच्या कानांत न्हाऊं घालतांना तेल ओतण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. ती सोडावी असें आम्ही आमच्या वडील भगिनींस हात जोडून सांगतों. अंगास तेल लावावें, कानांत नको. पावसाळ्याच्या दमट हवेंत कानांत बुरशी धरते व असह्य खाज सुटते, ती मळाची खाज समजून कोरीत बसूं नये.

किडा गेला तर चिमटा न घालतां आधीं तेलाचे थेंब सोडून तो मारावा, मग डॉक्टरांकडे जावें. उलट, मुलानें हरभरा किंवा वाटाणा घातला असेल तर पाणी मुळींच घालूं नये, कारण तो फुगतो. घड्याळांतली किंवा खेळण्यांतली चपटी बॅटरी गेली असेल तर मात्र तासाचाहि विलंब लावूं नये. ती थोड्या वेळांत आंतील त्वचा जाळते.

आणखी एक. एकाएकीं एक कान बंद झाला तर तो मळच असेल असें गृहीत धरून थेंब घालीत आठवडा घालवूं नये. आंतल्या मज्जातंतूचा विकार असल्यास पहिले कांहीं दिवसच औषधाचे असतात, मग तें लागू पडत नाहीं.

अण्णांचा सगळाच बहिरेपणा मळाचा नव्हता, हेंहि सांगितलें पाहिजे. तपासणींत वयोमानाची थोडी न्यूनता निघाली, विशेषतः बारीक आवाजाची; त्यासाठीं उजव्या कानास यंत्र दिलें आहे. यंत्र वापरणाऱ्यांच्या कानांत मळ अधिक साचतो, म्हणून दर सहा महिन्यांनीं दाखवावयास सांगितलें आहे. अण्णा यंत्रावर कुरकुरतात, पण दिवेलागणीस तें लावून बसतात, आणि नातवाचा विसर्ग राहिला तर लगेच थांबवितात. कापसाच्या काड्यांचा डबा मुलींनीं रंगकामास नेला. चांदीची कानकोरणी वडिलांची म्हणून टाकवेना. ती थोरल्या सूनबाईंनीं मागून घेतली, आणि आतां देवघरांतल्या समईची वात पुढें सारावयास ती ठेवलेली आहे.