किनखापाची मुखपट्टी

२५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि बनारसच्या मदनपुरा, अलईपुरा या मोहल्ल्यांतील हातमागांचा खटखटाट बंद पडला. पुढें लग्नें लागूं लागलीं, पण तीं पन्नास माणसांपुरतीं. शालूला गिऱ्हाईक कोठून मिळावें? त्याच सुमारास शहरांतील दुकानांत एक नवी वस्तु दिसूं लागली. ती म्हणजे शालूला जुळेल अशी किनखापाची मुखपट्टी! जो मास्क एरवीं शस्त्रक्रियेच्या दालनांत दिसावयाचा, तो वधूवरांच्या साजांत मुंडावळ्यांशेजारीं जाऊन बसला.

किनखापांत ताणा रेशमाचा असतो आणि नक्षी जरीच्या आडव्या धाग्यानें उठवितात. ही नक्षी उठविण्याच्या दोन तऱ्हा आहेत. फेकुआ पद्धतींत जरीचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फेकला जातो. जेथें बुट्टी नाहीं तेथें तो मागील अंगास मोकळा लोंबतो व मागाहून कात्रीनें कापून टाकतात. कढुआ पद्धत याहून फार सावकाशीची. तींत प्रत्येक बुट्टीसाठीं निराळी लहानशी कांडी असते. विणकर बुट्टीपुरताच धागा हातानें फिरवितो आणि तिच्या कडेशींच परत वळवितो. त्यामुळें कापड उलटें केलें तरी तें स्वच्छ दिसतें.

फेकुआ कापडाच्या मागें कापलेल्या टोकांची बारीक लव उरते. निऱ्यांत ती कोणास जाणवत नाहीं; गालाला मात्र तत्काळ बोचते. म्हणून आंतून मऊ सुती अस्तर हवेंच. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ जून २०२० रोजीं कापडी मुखपट्टीस तीन पदर सुचविले होते, त्यांतही सर्वांत आंतला पदर ओल शोषणारा असावा असें होतें. शिवाय मुखपट्टी रोज साबणानें धुवावयाची, आणि जरीला साबण व गरम पाणी दोन्ही वर्ज्य! किनखापाची खोळ निराळी ठेवून आंतील पट्टी तेवढी धुतां येईल अशी शिवण असली, तरच ही अडचण टळते.

परंतु खरी गोम या अस्तरांतच आहे. हातमागाचें कापड ओळखावयाचें तें मागील बाजूवरून आणि काठावरून. कापड ताणून धरणाऱ्या टाचण्यांचीं छिद्रें काठालाच असतात. मुखपट्टी कापतांना काठ जातो, अस्तर लावतांना पाठ झांकली जाते, आणि उरते ती केवळ दर्शनी झळाळी. ती यंत्रमागालाही साधते. बनारसी किनखापास व साड्यांस २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें खरें, पण साडीवर लावलेली निशाणी वीतभर तुकड्यावर कशी टिकावी? ‘हातानें विणलेली’ म्हणून जास्त दाम मोजणाऱ्या गृहिणीचे पैसे मागावर बसलेल्या माणसापर्यंत पोंचले कीं नाहीं, हें तिला कळावयास मार्गच उरत नाहीं. जुन्या साठ्यांतील किंवा चिंध्यांतील कापड वापरलें असेल, तर तेवढ्यापुरता माग चाललेलाच नसतो. आपल्याकडील पैठणीच्या पदराची गोष्ट निराळी. तो दोन्ही अंगांनीं सारखाच दिसतो. तरी मुखपट्टींत अस्तराखालीं त्याचाही साक्षीदार दडतोच.

महाराष्ट्रांत २ एप्रिल २०२२ पासून मुखपट्टीची सक्ती उठली आणि कित्येक घरांत या जरीच्या पट्ट्या कपाटांत गेल्या. कोणास जिज्ञासा असल्यास अस्तराचे दोन टांके उसवून आंत पाहावें. बुट्टीच्या कडेशीं धागा परत वळलेला दिसला, तर ती हातानें काढलेली आहे. कापलेलीं टोकें दिसलीं, तर मात्र कापड हातमागाचें कीं यंत्रमागाचें, तें तेवढ्यावरून सांगतां येणार नाहीं.