तिकिटात पाणीही असावे

उन्हाळी सुटी हा मनोरंजन-उद्यानांच्या सुगीचा काळ होय. १९८९ मध्ये गोराई येथे ‘एस्सेलवर्ल्ड’ सुरू झाले, २०१३ मध्ये खोपोलीजवळ ‘इमॅजिका’ उभे राहिले आणि या दोहोंच्या दरम्यान जलक्रीडेची लहानमोठी केंद्रे शहराशहरांच्या वेशीवर निघाली. वर्षभर काटकसर करून एक दिवस मुलांसाठी राखून ठेवणारे मध्यमवर्गीय कुटुंब तेथे जाते ते नेमके ऊन सर्वांत कडक असताना. त्याला उपदेशही भरपूर मिळतो : टोपी घाला, सुती कपडे वापरा, पाणी पीत राहा. हा उपदेश योग्यच आहे. परंतु हे पाणी कोणी पुरवायचे, कोणत्या किमतीस पुरवायचे आणि रांगेत तासभर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर कोणी घालायचे, हे प्रश्न मात्र त्यात अनुत्तरित राहतात.

हे प्रश्न या व्यवसायाच्या जन्माइतकेच जुने आहेत. १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अ‍ॅनहाइम येथे ‘डिस्नेलँड’चे उद्घाटन झाले तेव्हा तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. नुकत्याच घातलेल्या डांबरात स्त्रियांच्या उंच टाचा रुतत होत्या. नळकाम करणाऱ्या कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहे ही दोन्ही कामे वेळेत पुरी होणे अशक्य होते. वॉल्ट डिस्ने यांनी स्वच्छतागृहांना अग्रक्रम दिला. परिणामी तहानलेल्या गर्दीला नळ सापडेनात, आणि शीतपेयांचा खप वाढावा म्हणूनच हे केले असा आरोप झाला. आरोप अन्यायाचा असेल; पण बंदिस्त आवारातील तहान हे विक्रीचे साधन होऊ शकते, हे त्या दिवशी लोकांच्या ध्यानात आले.

या तहानेचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. मानवी शरीर स्वतःला थंड ठेवते ते मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. मात्र घाम वाळला तरच हा लाभ होतो. तो नुसता ओघळून गेला तर पाणी जाते आणि उष्णता राहते. कोकणपट्टीच्या दमट हवेत नेमके हेच घडते. कोरड्या हवेत उपयोगी पडणारे तुषार-पंखे किनाऱ्यावर फारसे कामाला येत नाहीत, त्याचेही कारण हेच. शिवाय हवामान खाते जे तापमान जाहीर करते ते सावलीतील, हवेशीर पेटीत मोजलेले असते. काँक्रीटच्या फरशीवर भर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला सोसावी लागणारी उष्णता त्याहून बरीच अधिक असते. जलक्रीडेच्या तलावात तर वेगळाच धोका संभवतो. अंग भिजलेले असल्यामुळे घाम जाणवत नाही, आणि बाहेरून मिळालेला गारवा म्हणजे पोटात गेलेले पाणी नव्हे, याचा विसर पडतो.

तहान ही शरीराची सूचना आहे खरी, पण ती उशिरा येते. खेळात रमलेल्या मुलांना आणि वृद्धांना ती आणखी उशिरा जाणवते. घामावाटे क्षारही जातात, म्हणून भरपूर घाम गेल्यावर केवळ साधे पाणी ढोसणे पुरेसे नसते. मीठ-साखरेच्या द्रावणाचे महत्त्व डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या साथीत सिद्ध करून दाखवले. ताक, पन्हे, मीठ घातलेले लिंबाचे वा कोकमाचे सरबत यांमागेही साधारण तेच व्यावहारिक शहाणपण आहे. गोड शीतपेयात साखर पुष्कळ आणि मीठ जवळजवळ नाही. तेव्हा पाण्याऐवजी शीतपेयाची बाटली स्वस्तात मिळाली, तरी तो खरा पर्याय ठरत नाही.

आता अर्थशास्त्राकडे वळू. १९७१ मध्येच वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने डिस्नेलँडचे उदाहरण घेऊन एक गाजलेला निबंध लिहिला. त्या काळी तेथे प्रवेशाचे मूल्य वेगळे आणि प्रत्येक खेळाचे वेगळे असे. १९८२ मध्ये ती पद्धत बंद झाली. ओई यांचा प्रश्न असा होता : मक्तेदाराने नफा दारावर घ्यावा की आत? ग्राहक बहुतांशी सारखे असतील, तर आतील प्रत्येक वस्तू तिच्या सीमांत खर्चाइतक्याच किमतीला देऊन सारा नफा प्रवेशमूल्यातून काढणे मालकाच्याच हिताचे ठरते, असे त्यांचे विवेचन सांगते. नळाच्या शुद्ध पाण्याचा सीमांत खर्च प्रतिग्लास नगण्य आहे. म्हणजे पाणी आत मोफत असावे आणि त्याचा खर्च तिकिटात असावा, हे निव्वळ धर्मादायाचे बोलणे नव्हे.

ग्राहक सारखे नसतात, असा आक्षेप यावर निघेल, आणि तो रास्त आहे. ग्राहकांत भिन्नता असेल तेव्हा आतील वस्तू सीमांत खर्चापेक्षा महाग विकण्याचा मोह मालकाला होणारच. पण पाणी ही इतर वस्तूंसारखी वस्तू नाही. आइस्क्रीम महाग वाटले तर ग्राहक ते घेत नाही, आणि त्यात कोणाचे नुकसान होत नाही. पाणी महाग वाटले तर तो कमी पितो, आणि त्याची किंमत त्याच्या शरीराला, पुढे कदाचित सार्वजनिक रुग्णालयाला मोजावी लागते. चौघांच्या कुटुंबास दिवसभरात माणशी तीन लिटर धरले तरी लिटरच्या बारा बाटल्या होतात. घरून आणलेली बाटली दारावर काढून घेतली असेल, तर या बारा बाटल्यांचा हिशोब कारकुनाच्या खिशाला वेगळा लागतो आणि श्रीमंताच्या खिशाला वेगळा. कमी पिणार कोण, हे सांगायला नको.

न्यायालयीन विचारही या दिशेने एक पाऊल पुढे गेला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा अधिक दराने देण्यास मुभा दिली; कारण तेथे केवळ वस्तूची विक्री नसून सेवाही असते. परंतु ३ जानेवारी २०२३ रोजी चित्रपटगृहांविषयी निर्णय देताना त्याच न्यायालयाने, बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मालक मनाई करू शकतो, पण स्वच्छ पिण्याचे पाणी त्याने मोफत पुरवलेच पाहिजे, असे स्पष्ट केले. तीन तास वातानुकूलित अंधारात बसणाऱ्या प्रेक्षकाला जे देय मानले गेले, ते आठ तास उन्हात फिरणाऱ्याला नाकारण्यास कोणता तर्क उरतो?

पाण्याइतकेच महत्त्व सावलीला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर झालेल्या पुरस्कार-समारंभानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. तो प्रसंग करमणुकीचा नव्हता. पण छप्पर नसलेल्या जागी भर उन्हात माणसे तासन्‌तास थांबवली तर काय होते, हा त्याचा धडा रांगा लावणाऱ्या प्रत्येक आयोजकाला लागू आहे. स्वच्छतागृहांचेही तसेच. ती दूर वा अस्वच्छ असतील तर स्त्रिया पाणी पिण्याचेच टाळतात, हा प्रवासातला नित्याचा अनुभव आहे. नळ आणि स्वच्छतागृह यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ १९५५ मध्ये आली, ती संपामुळे. एरवी ही दोन्ही एकाच सोयीची अंगे आहेत.

आणि पाहुण्यांबरोबर तेथे राबणाऱ्यांचाही विचार व्हायला हवा. पाळण्याची कळ दाबणारा तरुण किंवा अस्वलाचा जाड पोशाख घालून मुलांशी हस्तांदोलन करणारा कामगार संध्याकाळी घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच उन्हात येतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाणी देणे बंधनकारक केले होते. करमणुकीच्या कारखान्याने त्याहून कमी का द्यावे?

तेव्हा उपाय शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. उद्यानांना परवाना देताना वा त्याचे नूतनीकरण करताना काही अटी स्पष्ट लिहाव्यात : गर्दीच्या प्रमाणात रांगांजवळच शुद्ध पाण्याचे नळ, रांगेवर छप्पर, घरच्या बाटलीस मुभा, स्वच्छ स्वच्छतागृहे, क्षारद्रावणासह प्रथमोपचार, आणि उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उघड्यावरील खेळांना विश्रांती. ही विश्रांती कामगारांनाही लाभेल. यामुळे तिकीट थोडे वाढेल, असे मालक म्हणतील. वाढू द्यावे. दारावर उघडपणे सांगितलेली किंमत ग्राहक घरी बसून तोलू शकतो. आत गेल्यावर कोरड पडलेल्या घशाने तोलावी लागणारी किंमत हा सौदाच नव्हे. चैत्र लागला की रस्त्याच्या कडेला रांजण मांडून पाणपोई घालणाऱ्या समाजाला हा भेद नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. पुढील उन्हाळ्यापूर्वी शासनाने तो नियमांत लिहून काढावा, एवढेच बाकी आहे.