अडणारा घास आणि अ‍ॅलर्जी

मधल्या सुट्टीत डबा खाताना काही मुले नेहमी सर्वांच्या मागे राहतात. प्रत्येक घासावर पाणी पितात, पोळी आमटीत कुस्करून खातात, कोरडे पदार्थ टाळतात. 'याची खाण्याची नाटकेच फार' असा शेरा त्यांच्या वाट्याला येतो. बहुतेकांच्या बाबतीत तो सवयीचा भाग असतो, हे खरे. पण थोड्या मुलांचा घास खरोखरच अन्ननलिकेतून नीट खाली उतरत नसतो. याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण म्हणजे अन्ननलिकेची अ‍ॅलर्जी. वैद्यकशास्त्रात या विकाराला इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस असे नाव आहे. दमा, इसब, सर्दी-शिंका यांच्याशी या विकाराचे नाते काय, ते या लेखात पाहू.

प्रथम नावाचा उलगडा करू. इसोफॅजायटिस म्हणजे अन्ननलिकेचा दाह. इओसिनोफिल हा रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. १८७९ साली पॉल एर्लिख यांनी रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर घेऊन तो निरनिराळ्या रंगांनी रंगवला. तेव्हा काही पेशींमधील कण इओसिन हा रंग चटकन शोषून घेतात, असे त्यांना दिसले. त्यावरून या पेशींना नाव मिळाले. निरोगी माणसाच्या रक्तात शंभर पांढऱ्या पेशींमागे साधारण एक ते चार इओसिनोफिल असतात. जंतांसारख्या मोठ्या परजीवींशी लढणे हे त्यांचे एक काम. जठर आणि आतड्यांच्या अस्तरात त्या एरवीही आढळतात. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र त्या नसतात. म्हणून अस्तराचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली मोठा करून पाहताना एकाच दृष्टिक्षेत्रात पंधरा किंवा अधिक इओसिनोफिल दिसले, तर डॉक्टरांना या विकाराची शंका येते.

पूर्वी अशा पेशी दिसल्या की जठरातील आम्ल वर येत असल्यामुळे असे झाले, असे मानले जाई. १९९३ साली स्टीफन अ‍ॅटवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिळताना त्रास होणाऱ्या बारा प्रौढ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या अन्ननलिकेत इओसिनोफिल भरपूर होते, पण जवळजवळ कोणाच्याच अन्ननलिकेत आम्ल प्रमाणाबाहेर येत नव्हते. मग कारण काय? १९९५ साली अमेरिकेतील एका अभ्यासातून उत्तराची दिशा मिळाली. आम्लावरील उपचारांनी बऱ्या न झालेल्या दहा मुलांना काही आठवडे नेहमीचे अन्न बंद करून केवळ अमिनो आम्लांपासून बनवलेले द्रवरूप अन्न देण्यात आले. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या साखळीतील सुटे मणी. या अन्नात अख्खे प्रथिन नव्हतेच. आठ मुलांचा त्रास पूर्ण थांबला, दोघांचा कमी झाला. नेहमीचे पदार्थ पुन्हा सुरू करताच त्रास परतला. म्हणजे दोष अन्नातील प्रथिनांना शरीर देत असलेल्या प्रतिसादात होता.

आता इतर अ‍ॅलर्जींकडे वळू. या विकाराच्या अर्ध्याहून अधिक रुग्णांना दमा, इसब, परागकणांमुळे होणारी सर्दी किंवा अन्नाची अ‍ॅलर्जी यांपैकी काहीतरी असते. अ‍ॅलर्जीचे विकार लहानपणी बहुधा एका क्रमाने येतात. तान्हेपणी इसब, मग अन्नाची अ‍ॅलर्जी, मग दमा आणि शेवटी सर्दी-शिंका. अमेरिकेत सुमारे १,३०,००० मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आधीचे विकार झालेल्या मुलांत पुढे अन्ननलिकेचा हा विकार होण्याचा धोका अधिक होता, आणि जितके विकार जास्त तितका धोकाही जास्त होता. म्हणजे हा विकार त्याच मालिकेतील एक उशिराचा टप्पा आहे.

असे का व्हावे? त्वचा, श्वासमार्ग आणि अन्ननलिका यांत एक साम्य आहे. तिन्ही ठिकाणी बाहेरच्या जगाचा शरीराशी संबंध येतो. अन्ननलिकेचे अस्तर तर त्वचेप्रमाणेच पेशींच्या अनेक थरांचे असते. हा बांध कच्चा राहिला की बाहेरची प्रथिने आत झिरपतात. काही लोकांची प्रतिकारयंत्रणा मग निरुपद्रवी प्रथिनालाही जंतासारखा शत्रू समजते. ती इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ हे निरोप्यांचे काम करणारे पदार्थ सोडते. यांतील १३ क्रमांकाचा निरोप्या अन्ननलिकेच्या अस्तराला इओसिनोफिल बोलावून घेणारा पदार्थ तयार करायला लावतो आणि मुळात कच्चा असलेला बांध आणखी कमकुवत करतो. इसबात आणि दम्यातही हेच निरोपे कामाला लागलेले असतात.

मात्र साम्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. शेंगदाण्याच्या नेहमीच्या अ‍ॅलर्जीत आयजीई नावाची प्रतिपिंडे काही मिनिटांत अंगावर गांधी उठवतात. अन्ननलिकेचा दाह संथपणे, दिवसां-आठवड्यांत वाढतो. त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीतून दोषी पदार्थ खात्रीने सापडत नाही. इतकेच नव्हे, तर अन्नाची नेहमीची अ‍ॅलर्जी घालवण्यासाठी तोच पदार्थ थोडा थोडा खाऊ घातला असता काही रुग्णांना हा नवा विकार जडला आहे. हे विकार एका घरातले आहेत, पण एकसारखे नाहीत.

दोन औषधांच्या कहाणीतून हे नाते अधिक स्पष्ट होते. इंटरल्यूकिन-४ व १३ यांचा निरोप पेशीच्या दारातच अडवणारे ड्युपिलुमॅब हे औषध अमेरिकेत आधी इसबासाठी, मग दम्यासाठी आणि २०२२ साली अन्ननलिकेच्या या विकारासाठी मान्य झाले. दुसरे औषध बेनरालिझुमॅब. ते इओसिनोफिल पेशीच नष्ट करते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने अन्ननलिकेतील इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे केले, तरीही रुग्णांचा गिळण्याचा त्रास कमी झाला नाही! ज्या पेशीवरून विकाराला नाव पडले, ती एकटी गुन्हेगार नव्हती. सर्व अ‍ॅलर्जींना जोडणारा धागा त्या निरोप्यांत आणि कच्च्या बांधात अधिक आहे.

हा विकार दुर्लक्षित राहिला तर वर्षानुवर्षांच्या दाहाने अन्ननलिकेत व्रण धरतात आणि ती अरुंद होते. वेळेवर कळला तर आम्ल कमी करणारी औषधे, गिळायची स्टेरॉइड औषधे किंवा आहारातील बदल यांनी तो आटोक्यात येतो. सर्वांत अधिक वेळा दोषी ठरणारा पदार्थ दूध हा आहे. पण म्हणून वाढत्या मुलाचे दूध आपल्या मनाने बंद करणे योग्य नव्हे. तो निर्णय डॉक्टरांचा.

निदान करणे हे शिक्षकांचे काम नाही, पण निरीक्षण करणे निश्चितच आहे. दमा किंवा इसब असलेले मूल फार हळू खात असेल, घासागणिक पाणी पीत असेल, घास छातीत अडल्याची तक्रार करीत असेल, तर त्याला रागावण्याऐवजी पालकांच्या कानावर घालावे. घास अडकून लाळही गिळता येत नसेल, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डबा संपवायला लागणारा वेळ ही घरच्यांना सवयीने न दिसणारी खूण असते. ती वर्गात रोज दिसते.