कुत्र्याच्या अंगावर जखम. हळदीआधी पाणी हवे

लोहा : तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांच्याबरोबर श्वानांचेही प्रदर्शन भरते. खंडोबाच्या परंपरेत कुत्र्याला मान आहे आणि शेताच्या राखणीत तर त्याच्यावाचून चालत नाही. मात्र हाच राखणदार पहाटे आखाड्यावर रक्ताळलेला परतला, की त्याच्या जखमेवर पहिली पडते ती मूठभर हळद. कुठे रॉकेल, तर कुठे गाडीचे जळके ऑईल.

जखम होताना कोणी पाहिलेले नसते, ही खरी अडचण. रानडुकराचा सुळा बहुधा चिरा पाडतो, काटेरी तार कातडे ओरबाडते. दुसऱ्या कुत्र्याचा चावा मात्र फसवा असतो. वर केसांत दडलेली दोन बारीक छिद्रे आणि आत फाटलेले स्नायू, असा प्रकार वारंवार आढळतो. बोटांच्या बेचक्यातून सतत पाझरणाऱ्या जखमेत गवताचे कुसळ रुतलेले असण्याचा संभव असतो. कारण कळेपर्यंत अशी जखम चाव्याचीच समजावी, कारण रेबीजच्या बाबतीत अंदाज चुकून चालत नाही.

म्हणूनच आधी माणसाने स्वतःला जपावे. हातात मोजे, ते नसल्यास प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. वेदनेने कासावीस झालेले कुत्रे धन्यालाही चावते. तेव्हा मऊ कापडाच्या पट्टीने त्याचे तोंड बांधून गाठ कानांमागे मारावी. ते धापा टाकत असेल, ओकत असेल किंवा जखम तोंडावरच असेल, तर तोंड मुळीच बांधू नये.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने पाच ते दहा मिनिटे सलग दाबून धरावे. कापड भिजले तरी ते उचलू नये, त्यावरच दुसरे ठेवावे. रक्त थांबल्यावर भोवतालचे केस कात्रीने जपून कापावेत. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ विरघळवून, सुई काढलेल्या सिरिंजने जखम धुवावी. मात्र मोठ्या रक्तस्रावानंतर थांबलेल्या किंवा खोल जखमेत पाण्याचा मारा करू नये. ती झाकून थेट दवाखाना गाठावा. पोट फाटून आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. ओलसर स्वच्छ कापड टाकून निघावे.

हळदीवर श्रद्धा अनेकांची आहे, पण तिचा थर वाळून जखमेचा तळ झाकला जातो आणि पशुवैद्यकाला तो आधी खरवडावा लागतो. रॉकेल आणि ऑईल तर ऊतीच जाळतात. शिवाय कुत्रे ते चाटते, म्हणजे पोटातही जाते. घरातली पॅरासिटामॉल वा आयब्रुफेनची गोळी देणे त्याहून घातक, कारण माणसाला सोसणारी मात्रा कुत्र्याच्या यकृताला, जठराला किंवा मूत्रपिंडाला सोसत नाही. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्या तर डांबरगोळीची पूड किंवा फिनेल ओतण्याची रीत आहे. तीही टाळावी. अळ्या चिमट्याने एकेक काढाव्या लागतात आणि अनेकदा त्यासाठी भूल द्यावी लागते.

टाके घालायचे असतील तर पहिले सहा-आठ तास मोलाचे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत जखम स्वच्छ कापडाने सैलसर झाकावी आणि चाटू देऊ नये. हिरड्या पांढुरक्या पडल्या, छातीच्या जखमेतून हवेचा आवाज आला किंवा सूज झपाट्याने वाढली, तर धुण्यातही वेळ दवडू नये. झपाट्याने वाढणारी सूज सर्पदंशाचीही असू शकते. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

रेबीजची लस आधी दिलेली असली, तरी अशा जखमेनंतर कुत्र्याला पुन्हा मात्रा लागते का, हे पशुवैद्यकाला त्याच दिवशी विचारावे. उपचार करताना त्याची लाळ आपल्या हातावरच्या ओरखड्याला लागली असेल, तर तो भाग साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन माणसानेही लगेच सरकारी रुग्णालयात जावे.